बंद करून हात उचलायचा

मंदे, ये, अशी जवळ बस. दारात उभी राहू नकोस, आणि 'सहज आले होते' असं तर म्हणूच नकोस. सहज यायला शिरूरहून दौंड काही परमुलखात नाही. न्हावऱ्यावरून निघालीस की चौफुला, तिथं गाडी बदलली की दौंड. पण तुझी गाडी इतकी वर्षं चौफुल्यालाच अडकून पडलीय. फोन करावा तर उचलत नाहीस. उचललास तर "सुमे, भाजी करपतीय" म्हणून ठेवून देतेस. एवढी भाजी खरंच करपली असती तर तुझ्या घरात कुणी जेवलं तरी असतं का गं?

म्हणून इथं बोलते. दिवाळी अंकवाले म्हणाले, तुमच्या कामाविषयी लिहा, या वयाची बाई कॉम्प्युटरवर चित्रं हलवते, लोकांना नवल वाटेल. मी लगेच हो म्हटलं. कारण मला ठाऊक आहे, हा अंक शिरूरच्या वाचनालयात येतो, आणि तू तो पहिल्या पानापासून मागच्या जाहिरातीपर्यंत वाचतेस. बाकीच्या वाचकांनी रागावू नये. त्यांनीही बसावं, सतरंजी मोठी आहे. त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की मंदा माझी शेजारीण. आमच्या दोघींचे नवरे कुरकुंभच्या एमआयडीसीत एकाच प्लांटवर, एकाच शिफ्टला कामाला होते. एका गॅसगळतीत मंदाचा बबन गेला. माझे हे वाचले, पण छाती कायमची गेली. त्यानंतर लोक जे बोलले ते सोसेना, म्हणून मंदा पोरांना घेऊन भावाकडे शिरूरला गेली. ती दौंडला परत आली नाही.

लोक काय बोलले ते पुढं येईलच. आधी काम सांगते.

कॉम्प्युटर मला कुणी शिकवला नाही. मी टायपिंगवाली. पुढं स्टेशन रोडला लग्नपत्रिका जुळवून द्यायचं दुकान टाकलं. मग लोक पत्रिका छापायच्या सोडून मोबाइलवर पाठवायला लागले. दुकानात माशा मारत बसण्यापेक्षा म्हटलं, ती मोबाइलवरची पत्रिका आपणच करू. इंटरनेटवर शिकवायचे व्हिडिओ असतात. बघायचं, थांबवायचं, मागं न्यायचं, इंग्रजी शब्द अडला की दुसऱ्या मोबाइलवर अर्थ शोधायचा. असं करत वेबपेज जमलं, आणि वेबपेजवरचं चित्र हलवणंही जमलं. त्याला सीएसएस म्हणतात. पान कसं दिसावं, कसं वागावं, हे ब्राउझरला सांगायची ती भाषा.

त्यात कीफ्रेम असतात. रांगोळीचे ठिपके समज. शून्य टक्क्याला फूल इथं, पन्नास टक्क्याला तिथं, शंभर टक्क्याला पलीकडं, एवढं आपण सांगायचं. ठिपके आपले, मधली रेषा ब्राउझर ओढतो. मग सांगायचं, की हे पुन्हापुन्हा चालू दे, कायमचं. त्याला लूप म्हणतात. सगळी मेख इथं आहे. शेवटचा ठिपका पहिल्या ठिपक्यावर नेमका बसला तर लूप कुठं संपला आणि कुठं सुरू झाला हे डोळ्याला कळत नाही. जरा इकडंतिकडं झालं, की प्रत्येक फेऱ्याला झटका. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण त्याला आत कुठंतरी खडा लागतो.

माझा पहिला खडा तुमच्या शिरूरच्याच गिऱ्हाइकानं दाखवला. मुलीच्या लग्नाची पत्रिका होती, वर धम्मचक्र फिरतं पाहिजे होतं. मी फिरवलं. मुलीचे वडील दुकानात आले, "जयभीम ताई" म्हणाले, चष्मा पुसून बघत बसले आणि म्हणाले, "ताई, चक्र अडखळतंय."

"कुठं अडखळतंय दादा? गोल फिरतंय की."

"फिरतंय, पण दर फेऱ्याला स्टॉप घेतंय. एसटीवानी."

माणूस खरं बोलत होता. आपण काही सांगितलं नाही तर ब्राउझर प्रत्येक हालचाल हळू सुरू करतो, मधे वेग घेतो, शेवटी पुन्हा हळू होतो. एखादी वस्तू एकदाच सरकवायची तर ते छान दिसतं. पण चाकाला ते चालत नाही. तिथं लिनिअर असं लिहावं लागतं, म्हणजे एकसारखा वेग. तेवढा एक शब्द बदलला आणि चक्र असं फिरायला लागलं, की त्यांनी तिथंच हात जोडले. चक्राला जोडले, मला नव्हे. पण मीही थोडे माझ्याकडं घेतले.

दुसरे तळेगाव ढमढेऱ्याचे एक आबा. तरकारीचा व्यापार, पण जीव बैलगाड्यांच्या शर्यतीत. त्यांना दुकानाच्या पानावर पळती बैलजोडी हवी होती. बैल पडद्याच्या कडेला पोहोचले की गायब होऊन पुन्हा सुरुवातीला उगवत, ते वाईट दिसे. म्हणून मी बैल जागेवरच पळवले आणि मागचा माळ सरकवला. माळाचं एकच चित्र दोनदा शेजारी जोडायचं आणि बरोबर एका चित्राइतकं सरकवायचं, म्हणजे जोड सापडत नाही. आबांनी बराच वेळ पाहिलं.

"पळत्यात झ्याक. पर सुमनताई, पोचत्यात कवा?"

"पोहोचत नाहीत आबा. लूप आहे."

"म्हंजी जिकली का हारली?"

"पळत राहतात."

"आरारा! दावणीला तरी बांध गं मुक्या जनावरांस्नी सांच्याला."

हसण्यावारी नेलं तेव्हा. पण मंदे, त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. जे कधी पोहोचतच नाही ते माणसाला काय शिकवतं, हा विचार मी तोपर्यंत केला नव्हता.

मग कोमल मॅडम आल्या. कुरकुंभच्या एका कंपनीत सेफ्टीचं काम बघणारी तरुण मुलगी. कंपनी आपल्या नवऱ्यांची नव्हे, दुसरी, पण रस्ता तोच. गेटजवळच्या शेडमध्ये नवीन कंत्राटी कामगार पास मिळेपर्यंत बसतात, तिथं टीव्ही टांगलेला आहे. त्यावर दिवसरात्र चालेल असं पान त्यांना हवं होतं. गळती झाली तर काय करायचं, ते नुसत्या चित्रात.

"काकू, भाषण केलं की झोपतात हो," त्या म्हणाल्या. "कुणी बिहारचा, कुणी यूपीचा, कुणी आपल्या मराठवाड्याचा. वाचता येईलच असं नाही. चित्र समोर फिरत राहिलं की डोक्यात बसेल. फक्त झटका नको. साहेबांना झटका चालत नाही."

मी मनात म्हटलं, झटका नको असेल तर बाई बरोबर दुकानात आलीय.

चित्र होतं व्हॉल्व्हचं. कंपनीत सगळे त्याला वॉल म्हणतात. पाइपवरचं गोल चाक, ते फिरवून गॅस बंद करायचा. फिरवायला हात पाहिजे होता. मी ह्यांना मोरीतल्या पिंपाचा नळ धरायला लावला आणि मोबाइलवर फोटो काढला. तोच हात गिरवला. ह्यांच्या उजव्या हाताची तर्जनी पेरावर तुटलेली, ते तुला आठवत असेल. फार पूर्वी ड्रमखाली सापडली होती. मॅडम म्हणाल्या, "काकू, बोट पूर्ण करा ना." मी म्हटलं, "असू द्या. कामगाराचा हात आहे, कामगार बघणार आहेत."

हात चाक उजवीकडं फिरवतो, लाल पाइप हिरवा होतो. आता लूप गुळगुळीत कसा करायचा? त्याला एक सोपी युक्ती आहे, अल्टरनेट. एकदा चित्र पुढं चालतं, पुढच्या वेळी तेच उलटं मागं येतं. झोपाळ्यासारखं. झटक्याचा प्रश्नच येत नाही, कारण जिथं संपलं तिथूनच परत निघायचं असतं. हात चाक फिरवून बंद करी आणि तसाच अलगद परत येई. पुन्हा बंद, पुन्हा परत. इतकं मऊ काम मी त्याआधी केलं नव्हतं. मॅडमना आवडलं, त्यांच्या साहेबांना आवडलं. सोमवारी टीव्हीवर चढवायचं ठरलं.

आमच्या मागच्या खोलीत शिवपूजन म्हणून बिहारकडचा एक माणूस भाड्यानं राहतो. बायको गावी, पोटुशी होती तेव्हा. त्याला मॅडमच्याच कंपनीत नुकतं काम लागलं होतं. त्या रविवारी सकाळी तो चहाला आला. हे खुर्चीत बसले होते, छातीला वाफ घेऊन नुकतेच उठलेले. मला हौस दाखवायची. म्हटलं, "शिवपूजन, देख तो. क्या समझा बता."

तो बराच वेळ बघत राहिला. मग कप खाली ठेवला, हात पँटला पुसले आणि उभं राहून हवेत चाक धरलं.

"पहले बंद करना है, मावशी. फिर वापस खोल के देखना है. फिर बंद." त्याचा हात उजवीकडं गेला, डावीकडं आला, पुन्हा उजवीकडं गेला. "जब तक साहब मना ना करे, करते रहना है."

मला आधी हसू आलं. मग ह्यांच्याकडं पाहिलं. ते भिंत धरून उठले होते. दोन पावलांत धाप लागते त्यांना, पण शिवपूजनपर्यंत गेले आणि त्याचं मनगट आवळून धरलं.

"खोलने का नै."

"अप्पाजी, टीवी में तो..."

"टीवी गया खड्डे में! एक बार बंद किया ना, हात उठाने का. समजा? हात उठाने का आन् निकलने का." मग खोकल्याची उबळ आली. शिवपूजननं त्यांना खुर्चीत बसवलं, पण त्याचं मनगट ह्यांनी काही सुटू दिलं नाही.

दुपारी, जेवणं झाल्यावर, ह्यांनी सांगितलं. मंदे, आता नीट ऐक. हे तुझं आहे.

"बबननं वॉल बंद केला व्हता," हे म्हणाले. "म्या बगितलंय. पळाला न्हाई, घाबारला न्हाई. समदी माघारी पळाली आन् त्यो आत ग्येला. पुरा बंद केला त्यानं; गॅसचा आवाज थांबला व्हता, पर त्ये मला मागनं उमगलं. पर धूर आसा, का सोताचा हात दिसंना. मला वरडून म्हन्ला, 'आप्पा, झाला का रं बंद?' म्या म्हन्लं, 'काय म्हाईत!' मंग त्यानं बगायला म्हून उलटा फिरवला. जरासाच. आपुन नळाचं करतो तसा."

आपण नळाचं करतो तसा. मंदे, तू आणि मी रोज करायचो ते. आपल्या गल्लीत पाणी कधी येईल याचा भरवसा नव्हता. नळ कोरडा असला की तो चालू आहे का बंद हे कळायचं नाही, म्हणून येताजाता उलटा फिरवून बघायचं आणि पुन्हा सुलटा करायचा. घरात कुणी पाहुणा आला तरी तेच करी. आमच्या सगळ्यांच्या हाताला ती सवय होती. बबनच्या हातालाही होती. पण त्याच्या हाताला सुलटं फिरवायला वेळ मिळाला नाही.

मी विचारलं, "मग चौकशीत सांगितलं का नाही?"

"त्यांनी इचारलं, शेवटी कुनी फिरवला? म्या म्हन्लं, बबननं. खोटं कसं बोलू? त्याच्या आदी काय झालं, ते कुनी इचारलंच न्हाई. आन् मला तवा एका दमात दोन शब्द बोलवत नव्हतं." मग म्हणाले, "त्यानं मला इचारलं गं. आन् म्या म्हन्लं, काय म्हाईत."

व्हॉल्व्ह उघडा सापडला, एवढंच बाहेर आलं. मग नळावर, गिरणीत, बाजारात एकच वाक्य. 'बबन भेदरला आन् उलटा फिरवून बसला, सोताबी गेला आन् दुसऱ्यांनाबी घेऊन जात व्हता.' तुझ्या तोंडावर म्हणाले. पोरांना शाळेत म्हणाले. तू गेलीस. मी तेव्हा तुझ्या बाजूनं भांडले, पण नुसत्या मायेनं भांडले. हातात खरं काहीच नव्हतं.

आणि आता मीच, त्याच रस्त्यावरच्या कंपनीसाठी, ह्यांच्याच हातानं, व्हॉल्व्ह बंद करून पुन्हा उघडायला शिकवणारं चित्र केलं होतं. दिवसरात्र चालणारं. लोण्यासारखं मऊ.

संध्याकाळीच अल्टरनेट काढून टाकलं. पण मग दुसरंच झालं. चाक बंद व्हायचं आणि फेरा संपला की खाडकन उघडं दिसायचं. शिवपूजनला दाखवलं तर म्हणाला, "ये तो अपने आप खुल गया!" म्हणजे हे आणखी वाईट. मी कपाळाला हात लावून बसले. झटका ठेवावा तर व्हॉल्व्ह आपोआप उघडतो, झटका काढावा तर माणूस उघडतो.

तेव्हा हे म्हणाले, "आगं, वॉल बंद केल्यावर मानूस काय करतो?"

"काय करतो?"

"निगून जातो की."

एवढंच म्हणाले. मी पुन्हा बसले. आता चित्र असं झालं. काळोख असतो. काळोखातून पाइप दिसायला लागतो, हात येतो, चाक फिरवतो, पाइप हिरवा होतो. हात उचलला जातो आणि बाजूला होतो. चाक तसंच. वर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी फडफडत असते, आणि माणूस वाऱ्याला आडवा चालत निघून जातो. चाक तसंच. मग हळूहळू पुन्हा काळोख. शून्य टक्क्याला काळोख, शंभर टक्क्याला काळोख, म्हणजे लूपला सांधा नाही. चाक पुन्हा उघडं होतं, पण त्या काळोखात. ते कुणाच्या डोळ्याला दिसत नाही, कुणाच्या हाताला शिकवत नाही.

"काळोख जरा लांबव," हे म्हणाले. "तेवढ्यात मानसानं एक श्वास घ्यावा."

सोमवारी मॅडम आल्या त्या तोंड पाडूनच. "काकू, आधीचं किती छान फिरत होतं. आता मधेच टीव्ही बंद पडल्यासारखा वाटतो. पाहुणे आले, साहेब आले, तर काळी स्क्रीन?"

मी म्हटलं, "पोरी, मी समजावत नाही. शिवपूजनला विचार." त्याला बोलावलं. त्यानं दोन वेळा चित्र पाहिलं. मग हवेत चाक धरलं, उजवीकडं फिरवलं, हात उचलला, पाठीमागं बांधला आणि दुकानातून बाहेर पडला. आम्ही वाट बघतोय. तो येईना. मॅडम पायरीवर जाऊन बघतात तर हा पार कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्यापर्यंत पोहोचलेला. तिथून ओरडला, "मावशी, और कितना दूर जाना है?"

मॅडम हसल्या. मग हसता हसता थांबल्या. तेव्हा मी त्यांना बबनचं सांगितलं. ऐकून म्हणाल्या, "काळीच राहू द्या, काकू. साहेबांचं मी बघते."

आणि त्यांनी बघितलं. पान तसंच चढलं.

त्यानं कुणाचा जीव वाचला का, असं अंकवाल्यांनी विचारलं होतं. माहीत नाही बाई. पत्रिकेतलं चक्र फिरलं की लोक वा म्हणतात. या कामात काही घडलं नाही तर कुणाला कळतही नाही, आणि घडू नये म्हणून तर सगळं. शिवपूजन अजून तिथंच आहे. बायको आली, मुलगी झाली. एवढं मला दिसतं.

ह्यांना तुझ्याकडं यायचं होतं. स्वतः सांगायचं होतं, माझ्या तोंडून नको म्हणाले. आधी पाऊस सरू दे म्हणाले, मग थंडी सरू दे. थंडी सरली आणि उन्हाळ्यात हेच गेले. तुझ्या भावानं फोन केला होता. तू आली नाहीस, त्याचा मला राग नाही. कुठल्या तोंडानं यावं असं तुला वाटलं असेल. पण ते तोंड खाली घालायचं कारणच खोटं होतं, मंदे. हे मी फोनवर सांगितलं असतं तर तुझी भाजी करपली असती. आणि चिठ्ठीत लिहिलं असतं तर एकटीनं वाचून ठेवून दिली असतीस. जे चारचौघांत बोललं गेलं, ते चारचौघांतच पुसलं पाहिजे. म्हणून अंकात लिहिलं. बबननं व्हॉल्व्ह बंद केला होता. वाचणाऱ्या सगळ्यांनी ऐकावं, आणि दौंडच्या बाजारात कुणी जुनं वाक्य काढलं तर हे सांगावं.

गेल्या महिन्यात मॅडमनी पान जरा मोठं करायला बोलावलं, टीव्ही नवीन आलाय म्हणून. काम झाल्यावर मी शेडमध्ये त्या नव्या लोकांत जाऊन बसले. काळोखातून हात आला. तुटकी तर्जनी. चाक फिरवलं, उचलला, बाजूला झाला. परत काळोख. मी श्वास धरून बसले. माझ्या शेजारी एक माणूस होता, डबा मांडीवर घेऊन. पडदा काळा असताना त्याचा हात आपोआप हलला. हवेतच उजवीकडं फिरला आणि वर उचलला गेला. उलटा आला नाही.

मग काळोखातून पुन्हा ह्यांचा हात आला.

ते तू एकदा बघावंस असं फार वाटतं. मॅडमना सांगून ठेवलंय, दोघी येऊ म्हणून. मागच्या खोलीतली पोर आता रांगते, तिलाही बघ. आपला नळ अजून तसाच आहे, कोरडा असला की मीही अजून उलटा फिरवून बघते आणि मग एकटीच उभी राहते. दिवाळी झाली की ये. भाऊ सोडत नसेल तर त्यालाही घेऊन ये. चौफुल्यापर्यंत मी येईन, तिथून पुढं बरोबर येऊ. चहा मात्र तूच टाक, माझा तुला कधी आवडला नाही. ये गं लवकर.